हॅम रेडिओसाठी व्हॉल्व्हचा लिनिअर (रेडिओची पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर) की एलडीमॉस (पॉवर ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) वाला?

३-५००झेड या व्हॉल्व्हची, म्हणजे ट्यूबची, जोडी ग्राउंडेड ग्रिडमध्ये (ग्रिड ग्राउंडला जोडून सिग्नल कॅथोडला द्यायचं सर्किट) लावली की १०० वॅटचा रेडिओ जवळपास पूर्ण ताकदीने ढकलावा लागतो, तेव्हा कुठे किलोवॅटच्या आसपास आउटपुट मिळतं. ट्यूब बिचारी सोशिक, क्षणभर जास्त ड्राइव्ह (रेडिओकडून येणारी पॉवर) गेला तरी चालवून घेते, आणि या सर्किटमध्ये निगेटिव्ह फीडबॅक आपोआपच असल्यामुळे तिची स्वतःची आयएमडी (सिग्नल एकमेकांत मिसळून होणारं डिस्टॉर्शन) बरी असते. खरा घोळ रेडिओचा, १२ व्होल्टच्या फायनल्स (रेडिओतले शेवटचे पॉवर ट्रान्झिस्टर) फुल पॉवरला जी घाण काढतात ती लिनिअर इमानदारीने मोठी करून बँडभर पसरवतो, मग शेजारच्या फ्रिक्वेन्सीवाला ओरडणारच ना!

एलडीमॉसचं उलटं, गेन इतका की मूळ डिव्हाइसला काही वॅटच पुरतात, म्हणून बहुतेक ॲम्प्लिफायरमध्ये आत अटेन्युएटर (येणारी पॉवर कमी करणारा भाग) असतो. पण रेडिओची पॉवर नुसती कमी करून भागत नाही, काही रेडिओंचा एएलसी (पॉवर आपोआप मर्यादेत ठेवणारं सर्किट) बोलायला सुरुवात करताच क्षणभर फुल पॉवर सोडतो आणि डिव्हाइसचा गेट (इनपुटचं टोक) जळू शकतो, तिथे माफी नाही. शिवाय ड्राइव्ह वाढवत कॉम्प्रेशनपर्यंत (जिथे आउटपुट त्या प्रमाणात वाढत नाही) नेला की स्प्लॅटर, म्हणजे शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर घाण, सुरू.

तरी एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ) आणि प्रीडिस्टॉर्शन (सिग्नल आधीच उलटा बिघडवून डिस्टॉर्शन रद्द करणं) असेल तर मी एलडीमॉसच घेईन, कारण त्यात रेडिओ आणि ॲम्प दोघांचं डिस्टॉर्शन एकदमच सुधारतं. साधा १०० वॅटवाला रेडिओ असेल तर ट्यूबच बरी, फक्त ड्राइव्ह ७०-८० वॅटवर ठेवा.