ओतीव सांगून वेल्डिंगचा ब्रॅकेट गळ्यात मारला

माझी जुनी एमएम 540 जीप. मूळचं 2112 सीसीचं पूजो इंजिन दमलं म्हणून बोलेरोचं 2523 सीसीचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) इंजिन बसवलं. आरटीओत इंजिन नंबरची नोंदही करून घेतली. इथवर सगळं सरळ होतं. मे महिन्यात बायको एवढंच म्हणाली, "एसी असता तर..."

एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाला धरून ठेवायला ब्रॅकेट लागतो. कोल्हापुरात उद्यमनगराजवळचा एक गॅरेजवाला म्हणाला, "या इंजिनाला कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट मिळत न्हाई साहेब. शिरोलीत ओतून घ्यायला लागंल." इथल्या फाउंड्र्यांतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांतून, गाड्यांचे बिडाचे भाग कुठं कुठं जातात, मग माझ्या एका ब्रॅकेटचं काय अवघड? 'ओतीव' ब्रॅकेट आणि 'नवा' कॉम्प्रेसर मिळून 26,000 ठरले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "घरचंच काम हाय की." मी गप्प बसलो, ही चूक माझी.

काळ्या रंगात ब्रॅकेट झकास दिसत होता. आठ दिवसांत पट्टा किंचाळायला लागला. "नवा हाय, बसंल" म्हणत त्यानं तो आणखी आवळला.

मग आंबा घाट. रत्नागिरीकडं उतरताना खाडकन आवाज झाला. कॉम्प्रेसर कलंडला, त्याचा पट्टा फाटून फॅनबेल्टात गुंतला आणि तोही गेला. बॅटरीचा लाल दिवा पेटला, त्याचं काही नाही. पण ब्रेक हलका ठेवणारा व्हॅक्युम पंप त्याच फॅनबेल्टावर फिरणाऱ्या आल्टरनेटरच्या पाठीवर असतो. आल्टरनेटर थांबला आणि दोन-तीन दाबांत ब्रेकचा दगड झाला. दुसऱ्या गिअरवर, हँडब्रेक ओढत, डोंगराकडच्या चरीत चाक घालून गाडी थांबवली. मागं पोरं होती.

ओळखीच्या टर्नरनं तुटका तुकडा ग्राइंडरला लावला. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि तांबूस पडतात, याच्या लांबलचक फुलबाज्या उडाल्या. म्हणजे बीड नव्हतंच, 6 मिमीच्या पोलादी पट्ट्या वेल्डिंगनं जोडून सांध्यांवर पुट्टी फासली होती. म्हणून सांगतो, रंग द्यायच्या आधी ब्रॅकेट उघडा बघा. त्याहून वाईट म्हणजे ब्रॅकेटचा एक पाय इंजिनाच्या ब्लॉकला आणि दुसरा चक्क चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला! इंजिन रबरी माउंटिंगवर हलणार, चासी जागची हलणार नाही. वेल्डिंग किती दिवस टिकणार? सरळपट्टी धरली तर क्रँकची आणि कॉम्प्रेसरची पुली 4 मिमीनं सुताबाहेर. 'नव्या' कॉम्प्रेसरमधून काळं तेल निघालं.

खरी चीड पुढं आहे. हेच इंजिन असलेली बोलेरो एसीसकट विकली जायची. म्हणजे कंपनीचा ब्रॅकेट होताच! मला तो जुन्या पार्टमध्ये मिळाला, जोडखाचेच्या क्रँक पुलीसह, 3,200 ला.

तुकडा घेऊन मी गॅरेजवर गेलो. त्यानं तो हातात फिरवला, परत दिला आणि म्हणाला, "घाटात एसी कशाला लावायचा साहेब?"