हातात धरायचा एक्स-रे आणि एआयचा स्कोअर: टीबी शिबिरांत काही महिने वापरल्यानंतर

साडेतीन किलोच्या आसपास वजनाचं एक्स-रे यंत्र, १४ बाय १७ इंचांचा वायरलेस डिटेक्टर (एक्स-रेचा फोटो टिपणारी पाटी), दोन घडीचे स्टँड, एक लॅपटॉप, आणि त्या लॅपटॉपमध्ये छातीचा एक्स-रे वाचून टीबीसाठी ० ते १०० असा स्कोअर देणारं सॉफ्टवेअर. सगळा संच जीपच्या मागच्या सीटवर मावतो. गेले काही महिने तो पाड्यांवर, वीटभट्ट्यांवर आणि जिल्हा परिषद शाळांच्या वर्गखोल्यांत वापरल्यानंतर आमचं मत असं: घ्यावा. पण एक्स-रेवरून नुसता संशय येतो, खात्री थुंकी तपासूनच होते. म्हणून थुंकी तपासायची सोय आधी करावी, संच नंतर आणावा. कंपन्यांची नावं देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक अडचणी कोणतंही यंत्र घेतलं तरी येतात.

खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम हे प्रश्न विचारून टीबी शोधता येत असताना एक्स-रे कशाला, असं अजूनही विचारलं जातं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात याचं उत्तर आहे. छातीचा एक्स-रे काढलाच नसता तर त्यातले ४२.६ टक्के रुग्ण सुटले असते. त्यांना सांगण्याजोगी लक्षणंच नव्हती. आता गावात एक्स-रे काढला तरी तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट तालुक्याला मिळत नाही, सॉफ्टवेअरचा खरा उपयोग तिथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींच्या टीबी तपासणीत माणसाच्या जागी अशा सॉफ्टवेअरने एक्स-रे वाचायला मान्यता दिली. त्याच वर्षी ढाक्यातल्या सुमारे २४ हजार लोकांच्या एक्स-रेंवर पाच सॉफ्टवेअर पारखल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाचही तिथल्या रेडिओलॉजिस्टपेक्षा सरस ठरली. मात्र साठीच्या पुढची माणसं आणि आधी टीबी होऊन गेलेले, या दोन गटांत पाचही कमी पडली. शिबिरात नेमके हेच दोन गट मोठ्या संख्येने येतात.

सॉफ्टवेअर किती हुशार आहे यापेक्षा फोटो कसा आला यावर निकाल जास्त ठरतो. माणूस डिटेक्टरकडे तोंड करून उभा, हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे रेटलेले. खांदे पुढे घेतले नाहीत तर खांद्याची पाती फुप्फुसावर पडतात. यंत्र स्टँडवरच ठेवा. हातात धरून काढलेला फोटो तिरका येतो, आणि ऑपरेटरलाही किरणांपासून पुरेसं लांब राहता येत नाही. रुग्णालयात छातीचा एक्स-रे १८० सेंटीमीटरवरून काढतात. या छोट्या यंत्राची ताकद तेवढी नसते. अंतर १२० वरून १८० केलं की तेवढ्याच फोटोला सव्वादोन पट किरण लागतात, म्हणून बहुतेक ठिकाणी १२० ते १५० वर काम चालतं. एक अंतर ठरवा, जमिनीवर चिकटपट्टी मारा आणि दिवसभर ते बदलू नका. कमी अंतरामुळे हृदयाची सावली खऱ्यापेक्षा मोठी पडते. सॉफ्टवेअर ‘हृदय मोठं’ अशी सूचना भराभर देऊ लागतं. तेवढ्यावरून कोणाला घाबरवू नका.

‘छाती भरून श्वास घ्या, धरून ठेवा’ हे नुसतं सांगून भागत नाही, एकदा करून दाखवावं लागतं. अर्धवट श्वासात काढलेल्या फोटोत फुप्फुसाचा खालचा भाग दाटलेला दिसतो आणि स्कोअर उगाच चढतो. मेळघाटात कोरकू, सातपुड्यात पावरी किंवा भिली बोलणारी आशा ताई यंत्राशेजारी उभी असेल तर पुन्हा फोटो काढायची वेळ बरीच कमी येते.

आता वेणीबद्दल. पाठीवर सोडलेली जाड वेणी मान आणि खांद्याच्या मधून खाली येते, आणि फोटोत गळ्याखालच्या आडव्या हाडाजवळ फुप्फुसाच्या शेंड्यावर पिळाची पांढुरकी सावली पडते. टीबीचीही आवडती जागा तीच, फुप्फुसाचा वरचा भाग. सॉफ्टवेअर संशयाच्या जागेभोवती रंगीत चौकट काढतं, ती नेमकी त्या सावलीभोवती पडते. वेणी डोक्यावर बांधून फोटो पुन्हा काढला की चौकट जाते. ताईत, सेफ्टी पिन, ब्लाउजचे हूक, जरीचा काठ, खिशातली तंबाखूची डबी यांचंही असंच. मंगळसूत्र काढायला अनेक बायका तयार नसतात. जबरदस्ती करू नका. ते वर उचलून ओठांत धरायला सांगितलं तरी फोटोतून बाहेर राहतं. सुती गाऊन आणि आडोशाचा पडदा या दोन वस्तू खरेदीच्या यादीत कधीच नसतात, आणि पहिल्याच दिवशी त्यांची गरज पडते. चौकट कुठे पडली आहे हे टेक्निशियनने प्रत्येक वेळी डोळ्याने बघायचंच. नुसता आकडा वहीत उतरवून पुढच्या माणसाला बोलावणं चूक आहे.

त्या आकड्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. स्कोअर ६२ म्हणजे टीबी असण्याची शक्यता ६२ टक्के, असं नाही. तो त्या सॉफ्टवेअरचा स्वतःचा मापदंड आहे. दोन कंपन्यांचे स्कोअर एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत, आणि एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या आवृत्तीचेही येत नाहीत. कोणत्या आकड्याच्या वर थुंकी तपासायची, तो कट-ऑफ जागतिक आरोग्य संघटनेनेही ठरवून दिलेला नाही. तो आपल्या भागात आपण ठरवायचा असतो. विक्रेता जो आकडा भरून देतो तो त्याच्या सोयीचा असतो.

कट-ऑफ का महत्त्वाचा, ते हिशेबाने पाहू. अशा प्राथमिक चाचणीकडून अपेक्षा ही की तिने शंभर रुग्णांपैकी किमान ९० पकडावेत आणि शंभर निरोगी माणसांपैकी किमान ७० सोडून द्यावेत. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरील एक लाख लोकांमागे फुप्फुसाच्या टीबीचे ३१६ रुग्ण, म्हणजे हजारी तीन. सरसकट हजार जणांचा एक्स-रे काढला तर हे तिघे बहुधा सापडतील, पण त्यांच्याबरोबर जवळपास ३०० निरोगी माणसंही ‘संशयित’ ठरतील. एका रुग्णामागे शंभर थुंकी चाचण्या. हेच हजार जण निवडून आणले, म्हणजे रुग्णाच्या घरचे, मधुमेही, कुपोषित, दारू-तंबाखूचं व्यसन असलेले, साठीच्या पुढचे, आणि त्यांच्यात २ टक्के टीबी निघाला, तर २० पैकी १८ सापडतात आणि चाचण्या ३१२ च्या आसपास होतात. एका रुग्णामागे सतरा-अठरा. यंत्र तेच, सॉफ्टवेअर तेच, फक्त रांगेत कोण उभं आहे ते बदललं. आशा ताईंनी घरोघरी फिरून केलेली यादी ही या सगळ्या व्यवस्थेतली सर्वात मोलाची गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी वेळ व मानधन देताना हात आखडला जातो याचा आम्हाला मनापासून राग येतो.

लॅबची बाजू बघा. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट, म्हणजे थुंकीतल्या टीबीच्या जंतूंची जनुकीय चाचणी करणारं यंत्र, आता बऱ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत आहे. एका नमुन्याला, तयारी धरून, साधारण तासभर लागतो. दोन खणांचं यंत्र आणि एक लॅब टेक्निशियन असेल तर दिवसाला दहा-बारा नमुने होतात, आणि ते केंद्राची रोजची कामं सांभाळून. शिबिरात दिवसाला शंभर एक्स-रे निघाले आणि तीस जण संशयित ठरले, तर पहिल्याच संध्याकाळी अठरा-वीस नमुने शिल्लक. चौथ्या दिवशी फ्रिजमध्ये जागा नाही, चाचणीला लागणाऱ्या चिपा संपलेल्या, आणि ज्याला ‘दोन दिवसांत कळवतो’ असं सांगितलं तो ऊसतोडीला निघून गेलेला. म्हणून शिबिराची तारीख लॅबला विचारून ठरवा. दिवसाला किती नमुने होतील ते आधी लिहून घ्या आणि त्यावरून किती माणसं बोलवायची ते ठरवा. लॅबचा भार हलका करायला कट-ऑफ गुपचूप वर चढवणं हा सोपा मार्ग आहे. आमच्या मते तो घेऊ नये. सुटलेला रुग्ण घरी जाऊन नातवंडांना मांडीवर घेतो.

स्थानिक कट-ऑफ काढायचा तर काही लोकांचे एक्स-रे आणि थुंकी, स्कोअर काहीही येवो, दोन्ही तपासावे लागतात. अनेक जण हे गावातल्या पहिल्या तीनशे लोकांवर करतात. तीनशे जणांत रुग्ण निघतो एखादा, आणि एका रुग्णावरून काहीच ठरत नाही. हे काम जिल्हा रुग्णालयाच्या छातीच्या ओपीडीत करा, तिथे खात्रीचे रुग्ण पुरेसे मिळतात. मात्र तिथले रुग्ण जास्त आजारी असतात, त्यामुळे तिथे निघालेला आकडा गावासाठी थोडा खालीच ठेवायचा.

स्कोअर कमी आला तरी थुंकी घ्यायचीच अशी माणसं असतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेला, एचआयव्ही असलेला, आणि रुग्णाच्या घरातला लक्षणं असलेला. एचआयव्हीत टीबी असूनही एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. मधुमेहात डाग वरच्याऐवजी खालच्या भागात असू शकतो. गाठींचा, मणक्याचा, पोटाचा टीबी या यंत्राला दिसत नाही. उलट बाजूने, टीबी बरा होऊन गेलेल्या माणसाच्या व्रणांना स्कोअर हमखास चढा येतो, आणि दगडखाणीत वर्षानुवर्षं धूळ खाल्लेल्यांनाही. अशांना थुंकी चाचणीआधीच ‘पुन्हा टीबी’ म्हणून मोकळं होऊ नका. जुनी फिल्म घरात पिशवीत ठेवलेली असते, ती मागवा आणि शेजारी धरून बघा. १५ वर्षांखालच्या मुलांसाठी हा स्कोअर वापरू नका, भले स्क्रीनवर आकडा उमटो.

यंत्राच्या कुरबुरी. एका चार्जमध्ये शंभरेक फोटो निघतात असं सांगतात. यंत्र तेवढं टिकतंही, पण त्याआधी डिटेक्टरची बॅटरी संपते. जादा बॅटरी डिटेक्टरची घ्या. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी यंत्र तापून थांबतं, म्हणून सकाळी सातला सुरू करून अकराला आवरतं घेणं बरं. डिटेक्टर हा संचातला सगळ्यात नाजूक आणि महागड्यांपैकी एक भाग, आणि पडला की बहुधा गेलाच. स्टँडला पट्ट्याने बांधा. इंटरनेटवर चालणारं सॉफ्टवेअर डोंगरात निरुपयोगी ठरतं. लॅपटॉपवरच निकाल देणारी आवृत्ती मागा. नावं देवनागरीत भरली की काही प्रणालींत निकालावर नुसते चौकोन उमटतात. आणि एका वाडीत एकाच नावा-आडनावाच्या तीन बायका असतात. त्यामुळे ओळख नावावर नको, निक्षय क्रमांकाच्या (सरकारच्या टीबी नोंदणी प्रणालीतल्या क्रमांकाच्या) बारकोडवर हवी. तोच बारकोड एक्स-रेला, तोच थुंकीच्या डबीला.

किरणांबाबत. छातीच्या एका एक्स-रेतला डोस फारच कमी, सुमारे ०.०२ ते ०.१ मिलीसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप). निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. ऑपरेटरचं गणित वेगळं, तो रोज तिथे उभा असतो. एईआरबीचा (अणुऊर्जा नियामक मंडळाचा) परवाना त्यांच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवरून, टीएलडी बॅज (अंगावर किती किरण पडले ते मोजणारा बिल्ला) छातीवर शिशाच्या ॲप्रनच्या आत, किरणांची दिशा बाहेरच्या कोऱ्या भिंतीकडे, आणि त्या भिंतीपलीकडे रांग नाही. बाईला पाळी कधी आली होती ते आडोशाला, बाई कर्मचाऱ्यानेच विचारावं. दिवस गेल्याची शंका असेल तर एक्स-रे न काढता लक्षणं विचारून थुंकी घ्या.

खरेदीच्या करारात चार ओळी घालून घ्या. आमच्या लेखी परवानगीशिवाय सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलणार नाही, आणि प्रत्येक निकालावर आवृत्तीचा क्रमांक छापला जाईल. कट-ऑफ आम्हाला पासवर्डने बदलता येईल आणि कोणी कधी बदलला याची नोंद राहील. सगळे फोटो मूळ डायकॉम (वैद्यकीय प्रतिमांच्या फाइलचा प्रमाणित प्रकार) स्वरूपात आमच्या ताब्यात राहतील, कंपनीला प्रशिक्षणासाठी हवे असतील तर वेगळी संमती लागेल. आणि डिटेक्टर पडून फुटल्यास दुरुस्तीच्या काळात बदली डिटेक्टर किती दिवसांत मिळेल, ते आकड्यात लिहिलेलं असावं. ‘लवकरात लवकर’ असं लिहून आणलं तर सही करू नका.