रन-फ्लॅट टायरच्या गाडीत स्टेपनी : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

मागच्या वर्षी मी २०१६ सालची बीएमडब्ल्यू ३२०डी जुनी विकत घेतली, तेव्हा तिच्यात स्टेपनी नव्हती आणि डिकीच्या तळाशी ती ठेवायला खड्डाही नव्हता. चारही चाकांना २२५/५० आर १७ मापाचे रन-फ्लॅट टायर होते. अशा टायरची बाजूची भिंत इतकी जाड आणि ताठ असते की हवा पूर्ण गेली तरी गाडीचा भार ती स्वतः पेलते. साधारणपणे ताशी ८० किलोमीटरच्या आत राहून ८० किलोमीटर जाता येते, असे या टायरांबाबत सांगितले जाते. आमच्या बेळगावहून कोल्हापूर ११० किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे वाटेत कुठेही टायर गेला तरी दोहोंपैकी एक शहर ८० किलोमीटरच्या आत येते; त्यामुळे एवढा पल्ला पुरेल, असे मीही धरून चाललो होतो.

ते गणित ऊस हंगामाच्या सुरुवातीलाच बदलले. निपाणीहून परतताना संकेश्वरजवळ हवेच्या दाबाची सूचना लागली. उतरून पाहिले तर चाक बसलेले दिसत नव्हते, कारण रन-फ्लॅट टायर रिकामा झाला तरी डोळ्यांना भरलेलाच वाटतो. साठच्या वेगाने सुमारे ५० किलोमीटर चालवून मी बेळगावला पोहोचलो. पंक्चरवाल्याने टायर रिमवरून उतरवला आणि माझा हात धरून आतल्या बाजूवर फिरवला. बोटांना काळी, ओलसर रबराची भुकटी लागली. "दादा, खिळा मधोमध आहे, पाच मिनिटांचं काम होतं. पण तुम्ही चालवत आणलात, आतली भिंत रगडली गेली. हा आता भरून देणार नाही मी." नवा टायर बेळगावात मिळाला नाही, बाहेरून मागवायला चार दिवस आणि वीस हजारांहून अधिक रुपये लागले.

तेव्हा एक गोष्ट नीट समजली. रन-फ्लॅट टायर आपल्याला घरी पोहोचवतो, पण बहुतेक वेळा त्याची किंमत तो स्वतःच्या जिवाने मोजतो. स्टेपनी असती तर तो खिळ्याचा टायर वाचला असता. ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल तर छोट्या प्रवासी गाडीत स्टेपनीची सक्ती नाही, अशी सूट आपल्याकडे २०२० साली नियमांत आली. मात्र कायद्याने चालते म्हणून बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या चोर्ला घाटाच्या रस्त्यावरही चालेल, असे मला वाटत नाही.

मी अरुंद स्टेपनी घेतली, टी १३५/८० आर १७. पूर्ण मापाचे चाक डिकीत आडवे ठेवले की सामानाला जागाच उरत नाही. घेताना रिमचे पाच बोल्टचे वर्तुळ १२० मिमीचे आणि मधले भोक ७२.६ मिमीचे आहे, याची खात्री केली. या स्टेपनीचा व्यास मूळ टायरपेक्षा सुमारे ९ मिमीने कमी भरतो. पुढच्या चाकाला त्याने फारसे बिघडत नाही. परंतु या गाडीची ओढ मागच्या चाकांवर असल्याने तिथे दोन्ही बाजूंना असमान व्यास असला तर डिफरन्शियल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दात्यांची जोडणी, सतत कामाला लागते. म्हणून मागचे चाक गेल्यास पुढचे चांगले चाक मागे लावून स्टेपनी पुढे घालायची, असे मी ठरवले आहे. काम दुप्पट होते, पण ते करावे.

खरी अडचण चाक बसवताना येते. या गाडीला नट नसून बोल्ट आहेत, त्यामुळे चाक टांगायला काहीच नसते. जड चाक एका हाताने उचलून धरायचे आणि दुसऱ्या हाताने भोक जुळवायचे. मी उद्यमबागेतील एका लेथवर १४ मिमी जाडीची, १.२५ मिमी आट्यांची लांब खुंटी कातून घेतली. ती आधी एका भोकात फिरवून घट्ट केली की चाक तिच्यावर सरकवता येते. आजवर या कामी केलेला सर्वांत उपयोगी खर्च तोच. जॅकही गाडीच्या दाराच्या उंबरठ्याखालच्या चौकोनी ठोकळ्यात बसेल असाच हवा. बाजारातला साधा जॅक तिथून निसटतो. हे सगळे मी आधी घराच्या अंगणात करून पाहिले.

जुलैमध्ये त्याचा उपयोग झाला. बाबांना घेऊन गोव्याहून येताना कणकुंबी सोडल्यावर तुटलेल्या डांबराच्या कडेने पुढच्या डाव्या टायरची भिंत बोटभर चिरली. जी भिंत भार पेलणार तीच फाटल्यावर रन-फ्लॅटच्या भरवशावर पुढे जाणे धोक्याचे होते. पाऊस कोसळत होता, फोनला रेंज नव्हती. डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेतलेला एक शेतकरी थांबला आणि म्हणाला, "पावणं, आधी मागच्या चाकाला दगड लावा." त्यानेच दगड आणून दिला आणि काम होईपर्यंत तो उभा राहिला. पस्तीस मिनिटांत चाक बदलले. पुढे साठच्या आत राहून जांबोटीमार्गे घरी आलो. पुढचा भाग वळणावर थोडा हलका वाटत होता आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लवकर लावावा लागत होता. घरी पोहोचताच घट्टपणा मोजणाऱ्या टॉर्क पान्याने १४० न्यूटन-मीटरला बोल्ट पुन्हा तपासले.

काढलेले रुंद चाक स्टेपनीच्या पट्ट्यांत बसत नाही आणि तांबड्या चिखलाने माखलेले असते, म्हणून आता डिकीत गोणपाट आणि एक लांब पट्टा कायम ठेवतो. स्टेपनी डिकीच्या कड्यांना आवळून बांधलेलीच असली पाहिजे. माझी पंधरा किलोची आहे आणि जोराच्या ब्रेकला ती मोकळी सुटू देणे मला मान्य नाही. तिच्यात ६० पीएसआय हवा लागते, मात्र चार महिने न पाहिल्यावर ती ४८ वर आलेली आढळली. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजतो.

४८० लिटरच्या डिकीतली बरीच जागा गेली आहे. गणपतीला गावी जाताना दोन बॅगा मागच्या सीटवर ठेवाव्या लागल्या आणि घरच्यांची कुरकुर रास्त होती. ज्यांचा प्रवास केवळ बेळगाव ते धारवाड महामार्गाने होतो, त्यांनी डिकी मोकळी ठेवायला हरकत नाही. खानापूर, चंदगड, चोर्ला या बाजूला ज्यांचे नियमित जाणे आहे, त्यांनी मात्र स्टेपनी घ्यावी, आणि तिच्याबरोबर ती खुंटीही कातून घ्यावी.