क्रांती कोणाची? आगोन्सिल्यो आणि इलेतो

स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या १८९६ च्या फिलिपिनी क्रांतीच्या अभ्यासासाठी इतिहासकार तेओदोरो आगोन्सिल्यो यांचा १९५६ चा ग्रंथ आधी घ्यावा की रेनाल्दो इलेतो यांचा १९७९ चा, हा प्रश्न नवख्या अभ्यासकाला पडतोच. आगोन्सिल्यो क्रांतीचे नेते आंद्रेस बोनिफासियो आणि त्यांची कातिपुनान ही गुप्त क्रांतिकारी संघटना यांची हकिकत घटनाक्रमाने सांगतात. क्रांती सुशिक्षित, सधन वर्गाची नव्हे, तर कष्टकऱ्यांची होती, असे त्यांचे प्रतिपादन आहे. मात्र सामान्य शेतकरी नेमके काय मनात धरून लढला, हे तिथे फारसे उमगत नाही.

इलेतो नेमके तिथेच शिरतात. पवित्र सप्ताहात गायल्या जाणाऱ्या ‘पास्योन’ या ख्रिस्ताच्या यातनांवरील, तागालोग या स्थानिक भाषेतल्या काव्यातून लोकांना दुःख, त्याग आणि मुक्ती यांची भाषा मिळाली, असे ते दाखवतात. ‘कालायाआन’ म्हणजे स्वातंत्र्य. पण या शब्दाच्या मुळाशी त्यांना ‘लायाव’, म्हणजे आईवडिलांनी पुरवलेले लाड, सापडतात आणि स्वातंत्र्याची कल्पना एकदम घरगुती, मायेची होऊन जाते. अर्थात, गाणारा प्रत्येक जण हाच अर्थ लावत होता, हे सिद्ध करणे अवघडच.

घटनाक्रम ठाऊक नसलेल्याने आगोन्सिल्योंपासून सुरुवात करावी (निदान तारखा तरी पक्क्या होतात). माझा कौल मात्र इलेतोंना आहे.