अठरा इंची बेसची पेटी: मरीन प्लाय कसाला लावला तर

छोट्या ऑर्केस्ट्राचा फिरता सेट बांधताना पैसे स्पीकर आणि ॲम्पवर जातात, प्लाय मात्र ‘मिस्त्री आणेल तो’. मग पहिल्याच कार्यक्रमात बेस फरफरतो आणि खापर स्पीकरवर फुटतं. म्हणून इथे परीक्षण फक्त प्लायचं: १८ मिमी, आयएस ७१० या भारतीय मानकाचा, म्हणजे दुकानात ज्याला ‘मरीन’ म्हणतात तो. निकाल आधीच सांगतो. गर्जन लाकडाच्या कोअरचा (म्हणजे आतल्या थरांचा), डोळ्यांनी पाहून घेतलेला मरीन प्लाय बेसच्या पेटीला पुरेसा आहे, बर्च लाकडाच्या प्लायसाठी अडून बसायची गरज नाही. पण नुसता शिक्का बघून घेतला तर हाच प्लाय सगळ्यात जास्त फसवतो.

मोजायला पेटी ही धरली आहे: एका अठरा इंची स्पीकरची रिफ्लेक्स (हवेसाठी तोंड ठेवलेली), बाहेरून रुंदी ५५०, उंची ६४०, खोली ६९० मिमी. जाळीसाठी बॅफल, म्हणजे स्पीकर बसतो ती पुढची फळी, ३० मिमी आत. खाली पूर्ण रुंदीचा पोर्ट (हवेचं तोंड), ५१४ × ७० मिमी, त्याच्यावरची फळी म्हणजे शेल्फ ३०० मिमी लांब. स्पीकर, ब्रेसिंग (आतल्या आधाराच्या पट्ट्या) आणि पोर्ट वजा जाता आत साधारण १६५ लिटर उरतात आणि ट्यूनिंग, म्हणजे पोर्टमधली हवा ज्या सुराला घुमते तो, ३८ हर्ट्झच्या आसपास येतं. ही मापं मुद्दाम अशी घेतली आहेत. आठ बाय चारच्या शीटमधून आधी ६९० मिमीची लांब पट्टी काढायची, तिच्यात दोन बाजू, वर आणि खाल असे चार तुकडे बसतात. उरलेल्या पट्टीत पाठ, बॅफल, शेल्फ आणि ब्रेसिंग. एक शीट, एक पेटी. पाती चार मिमी खाते असं धरलं तरी रुंदीत सेंटिमीटरभर शिल्लक राहतं. खोली ७०० केली की हा हिशोब पार काठावर येतो.

आता खरेदी. आयएस ७१० ची कसोटी म्हणजे प्लायचा तुकडा ७२ तास उकळला तरी थर सुटता कामा नयेत. त्यामुळे गोंद कसा असेल याची खात्री मिळते, कोअर कसा असेल याची तितकीशी नाही. शिक्क्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून दुकानातच तपासता येतो. मग शीट उभी करून चारही कडा बघा. थरांमध्ये काळ्या फटी दिसल्या, किंवा दोन पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या दिसल्या, तर ती शीट बाजूला. कडेला दिसते त्याहून जास्त पोकळी आत असते, म्हणून शीटभर बोटाच्या पेराने दर चार-सहा इंचांवर ठोका. भरीव ‘टक’ मध्येच ‘टप’ झाला की तिथे पोकळी आहे. हमालाला घाई असते, दुकानदाराला त्याहून जास्त, पण ही पाच मिनिटं सोडू नका.

या पोकळीचं इतकं का? कपाटाला ती चालून जाते. बेसच्या पेटीत आतला दाब सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा बदलतो आणि पोकळीवरचा पातळ थर पापुद्र्यासारखा फडफडतो. ‘फर्र’ असा आवाज येतो, तोही ठरावीक सुरांनाच, त्यामुळे स्पीकरची कॉइल घासतेय असं वाटतं. स्पीकर काढून दुसरा लावला तरी आवाज तिथेच. पेटी बांधल्यावर सापडलं तर त्या जागी ३ मिमीची दोन भोकं पाडा, एकातून सिरिंजने पातळ केलेला फेविकॉल मरीन दुसऱ्यातून बाहेर येईपर्यंत भरा, वर फळी ठेवून क्लॅम्प करा आणि २४ तास हात लावू नका.

दुसरी तक्रार जाडीची. १८ मिमी म्हणून घेतलेली शीट बऱ्याचदा साडेसतरा भरते, तीही चारही कोपऱ्यांत सारखी नसते. सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) १८ ची खाच पाडून ठेवली तर जोड सैल बसतो आणि हवा गळते. आधी व्हर्नियरने मोजा, मग मशीनची फाइल बनवा. सांध्याच्या आतल्या बाजूने पीयू सीलंटची बोटभर रेघ ओढली की गळती मिटते. कडेत स्क्रू मारताना ३ मिमीचा पायलट, म्हणजे आधी पाडलेलं बारीक भोक, हवाच. कोपऱ्यापासून ४० मिमी सोडून, दर १५ सेंटिमीटरला ४ × ५० चा चिपबोर्ड स्क्रू. पायलटशिवाय मारला तर गर्जनचे थर कडेतून फाकतात.

वजनाचं म्हणाल तर या पेटीचा नुसता लाकडाचा भार गर्जनमध्ये ३२ किलोच्या आसपास, बर्चमध्ये २९, पॉप्लरमध्ये १९–२०. त्यात फेराइट चुंबकाचा स्पीकर, हँडल, जाळी आणि चाकं धरली की गर्जनची पेटी पन्नाशीला टेकते. छोट्या हत्तीत चढवायला दोन माणसं लागणारच. पॉप्लर इथे मोहात पाडतो, पण त्याचं लाकूड मऊ. टी-नटचे (स्पीकरचा बोल्ट ज्यात बसतो त्या नटाचे) दात धरत नाहीत, दोन-चारदा स्पीकर काढला-बसवला की नट गोल फिरायला लागतो. टॉपसाठी, म्हणजे बेसच्या वर ठेवायच्या पेट्यांसाठी, पॉप्लर छान, बेसला नको. एमडीएफ तर फिरत्या सेटच्या वाटेला जाऊच नये: वजन गर्जनएवढं, कोपरा आपटला की भुगा आणि पाणी लागलं की पाव.

बर्चचं खरं मोठेपण आवाजात नाही, कडेत आहे. १८ मिमीत सारखे १३ थर, त्यामुळे राउटर फिरवला की कड काचेसारखी निघते, गोलाई कुठेही तुटत नाही. ताठपणात तो थोडा पुढे आहे, पण दोन बाजूंना जोडणारी आडवी पट्टी आणि बॅफलपासून पाठीपर्यंतची उभी पट्टी टाकल्यावर हा फरक कानाला कळत नाही. मधोमध आधार नसलेली ६४० × ६९० ची बाजू मात्र कोणत्याही प्लायची असो, हात ठेवला तर थरथरताना कळते.

पोर्टच्या शेल्फबद्दल एक. तळाला चिकटलेला चपटा पोर्ट कॉम्प्युटर प्रोग्रामच्या हिशोबापेक्षा थोडा खाली ट्यून होतो. म्हणून शेल्फचा मागचा ६० मिमीचा तुकडा वेगळा ठेवून फक्त स्क्रूवर बसवा. ॲम्प आणि स्पीकरमध्ये १०० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर सिरीजमध्ये लावा, आवाज अगदी कमी ठेवा, मल्टिमीटर स्पीकरच्या टोकांवर. फोनच्या टोन जनरेटरने २० पासून ८० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढा. व्होल्टेज दोनदा वर जाईल. त्या दोन शिखरांमधला तळ म्हणजे ट्यूनिंग. ३४–३५ आलं तर स्पीकरच्या भोकातून हात घालून तो तुकडा थोडा कापा. मग हाय-पास (खालचे सूर अडवणारा फिल्टर) ३४–३५ हर्ट्झला, दर सप्तकाला २४ डीबीचा. तो नसेल तर ट्यूनिंगखाली कोनला हवेचा आधार राहत नाही आणि पेटी कितीही चांगली असली तरी स्पीकर जातो.

मरीन म्हणून पावसात बिनधास्त, हाही गैरसमज. गोंद टिकतो, लाकूड पाणी पितंच, आणि पितं ते कडेतून. टेक्स्चर कोटिंगच्या आधी सगळ्या कडांना, पोर्टच्या तोंडाला आणि स्पीकॉनच्या (स्पीकर केबलच्या सॉकेटच्या) भोकाच्या आतल्या कडेलाही सीलरचे दोन हात. कार्पेट लावू नका, ओलं झालं की ते चार दिवस वाळत नाही. चाकं पाठीला लावा, तळाला लावली तर पेटी वाजताना स्टेजवरून सरकते.