एचएमटी ‘जनता’ : वारशात आलेलं घड्याळ मूळ किती, रंगवलेलं किती

कपाटातून जुनं चावीचं घड्याळ निघालं आणि डायलवर ‘जनता’ लिहिलेलं असेल, तर ते आधी पॉलिशला देऊ नका. जनताचं मशीन बहुतेक वेळा पुन्हा चालू करता येतं. डायल एकदा पुसून रंगवली की ती कायमची गेली.

एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळांचा कारखाना उभारला. त्यामुळे अगदी सुरुवातीच्या काही घड्याळांच्या डायलवर एचएमटीच्या जोडीला सिटिझनचंही नाव सापडतं. तसं दिसलं तर ते घड्याळ जास्तच जपा. काही जनतांवर नाव देवनागरीत आहे, तेही अस्सल असू शकतं. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. बाजारात आज जुन्या मशीनवर नव्याने रंगवलेल्या डायल चढवलेली घड्याळं भरपूर फिरतात. परदेशातले संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. घरातलं घड्याळही मधल्या काळात एखाद्या दुकानात ‘नवं’ करून आणलेलं असू शकतं, म्हणून वारशाच्या घड्याळाचीही तपासणी करावीच.

दहापट भिंगाखाली डायल पाहा. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा स्वच्छ असतात आणि मिनिटांच्या रेघा सारख्या जाडीच्या, सारख्या अंतरावर असतात. रंगवलेल्या डायलवर शाई पसरलेली दिसते, अक्षरं एका बाजूला कलतात, तासांच्या खुणांच्या मुळाशी रंग साचतो. पोपटी, केशरी, दोन रंगांच्या चकचकीत डायल पाहून हुरळून जाऊ नका. काट्यांवरही नजर टाका. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचला पाहिजे. आखूड पडत असेल तर तो बहुधा दुसऱ्या घड्याळातून आला आहे. सेकंदकाटा सेकंदाला एकदाच टक्कन उडी मारत असेल तर आत क्वार्ट्झ मशीन बसवलंय. जनता चावीचं आहे, तिचा काटा सेकंदाला पाच बारीक पावलं टाकतो.

आता मागचं झाकण. दाबून बसणारं असेल तर कडेला एक छोटी खाच असते, तिथेच केसनाइफ (झाकण उघडायची खास सुरी) लावायची. स्वयंपाकघरातली सुरी घसरते आणि थेट बॅलन्सवर, म्हणजे मागे-पुढे झुलणाऱ्या चाकावर जाते. आत ०२० कुळातलं, १७ ज्वेलचं (खड्यांचं) मशीन अपेक्षित आहे, त्यावर एचएमटीचं नाव शोधा. डायलवरचा ‘पॅराशॉक’ हा शब्द आत प्रत्यक्ष दिसतो: बॅलन्सच्या मधोमध खड्याला धरून ठेवणारी बारीक स्प्रिंग. घड्याळ पडलं की खडा किंचित सरकतो आणि बॅलन्सचं केसासारखं टोक वाचतं. मशीन केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचात, हलत असेल, किंवा डायल मशीनला गोंदाने चिकटवलेली असेल, तर तो दोन-तीन घड्याळांचा जोड आहे. डायल मशीनवर बसवणारे तिच्या मागचे बारीक पाय छाटल्याशिवाय गोंदाची गरज पडत नाही.

आता चाल. पाच-सहा वेळा चावी द्या आणि बॅलन्स पाहा. निरोगी बॅलन्स लगेच मोठे झोके घेतो. ‘चावी जास्त दिली म्हणून अडकलं’ हे दुकानात हमखास ऐकू येतं, पण ते खरं नाही. स्प्रिंग पूर्ण भरलेली असूनही घड्याळ बंद असेल तर आतलं तेल वाळून चिकट झालेलं असतं, किंवा कुठेतरी गंज किंवा मोडतोड असते. दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळत असेल तर आधी चुंबकत्व काढून घ्या. हेअरस्प्रिंगचे, म्हणजे बॅलन्सच्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटले की असं होतं, आणि उपाय मिनिटभराचा आहे.

सर्व्हिसिंगला देताना एकच प्रश्न विचारा: मशीन पूर्ण सुटं करणार का? अख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुडवून वर तेलाचे थेंब सोडणं हा जुना शॉर्टकट आहे. खड्यांच्या भोकांतली घाण तशीच राहते, घड्याळ थोडे दिवस चालतं आणि पुन्हा थांबतं. काम नीट झालं का ते टायमिंग मशीनवर, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर कळतं. पूर्ण चावी देऊन, डायलची बाजू वर करून ठेवल्यावर बॅलन्सचा झोका २५० अंशांच्या आसपास आला तर छान. २०० च्या खाली राहिला तर काम अपुरं आहे. दिवसाला २०-३० सेकंदांचा फरक या वयाच्या घड्याळाला शोभतो.

केस हा जनताचा कमकुवत भाग. पुष्कळ केस पितळेवर क्रोम चढवलेल्या असतात. पट्ट्याच्या पिनांपाशी घाम मुरतो, मुलामा फुगतो आणि हिरवट थर धरतो. बफिंग केलं की उरलेलं क्रोमही निघून पितळ उघडं पडतं, म्हणून पॉलिश नको. थर लाकडी टूथपिकने काढा, कोरड्या कापडाने पुसा. काच ॲक्रिलिकची आहे, तिचे बारीक ओरखडे मेटल पॉलिशने हळूहळू जातात. पाण्याशी मात्र गाठ पडू देऊ नका. कोकणातल्या दमट हवेत तर आधी स्टेम (चावीच्या बोंडाची आतली दांडी) गंजते, मग चावी घट्ट फिरू लागते. अशा वेळी जोर लावला तर स्टेम मोडते.

घालायला घड्याळ अजूनही उत्तम. हलकं आहे, शर्टाच्या बाहीखाली सहज जातं, १८ मिमीचा साधा चामडी पट्टा शोभतो. रोज सकाळी एकाच वेळी, अडखळेपर्यंत चावी द्या. दुसऱ्या सकाळपर्यंत आरामात चालतं. डायलवर तपकिरी ठिपके असतील तर असू द्या. मूळ ठिपकेदार डायलची जनता नव्याने रंगवलेल्या चकचकीत जनतापेक्षा केव्हाही सरस. सर्व्हिसिंगला देण्याआधी डायल, मशीन आणि झाकणाची आतली बाजू यांचे फोटो काढून ठेवा, आणि बदललेला प्रत्येक जुना भाग मागून घ्या.