घरबसल्या पदवी : पुस्तकावरचे दूरशिक्षण घ्यावे की ऑनलाइन?

नोकरी, बागायत किंवा घर सांभाळून पदवी घेऊ पाहणाऱ्या कोकणातील विद्यार्थ्यासमोर आज दोन वाटा आहेत : छापील पुस्तके व अभ्यासकेंद्र यांच्या आधाराने चालणारे दूरशिक्षण, आणि संपूर्ण अध्यापन इंटरनेटवरून होणारा ऑनलाइन अभ्यासक्रम. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यतेने मिळालेल्या दोन्ही पदव्या नियमित पदवीशी समकक्ष मानल्या जातात. म्हणून निवड करताना शिकवण्याची पद्धत पाहावी.

‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद असलेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) १९८५ मध्ये स्थापन झाले. दूरशिक्षणात पुस्तकानेच शिक्षकाचे काम करायचे असते. त्यामुळे विषयतज्ज्ञाने लिहिलेल्या घटकात आरंभी उद्दिष्टे, मध्येमध्ये स्वतःला तपासण्याचे प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरे अशी रचना केली जाते, व एका श्रेयांकासाठी (क्रेडिटसाठी) सुमारे ३० तासांचा अभ्यास गृहीत धरला जातो. अडलेले अभ्यासकेंद्रावर शिक्षक घेतात त्या संपर्कसत्रात विचारता येते. मात्र अभ्यासकेंद्र तालुक्याच्या गावी असेल, तर त्यासाठी एसटीने जाण्यायेण्यात दिवस मोडतो.

ऑनलाइन अभ्यासक्रमाची चार अंगे असतात : चित्रफिती, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि मूल्यमापन. माझ्या मते खरी पारख चर्चामंचावर होते. चित्रफीत एकदा तयार केली की वर्षानुवर्षे चालते. पण विद्यार्थ्याच्या शंकेला दोन दिवसांत नेमके उत्तर देण्यासाठी विद्यापीठाला माणसे नेमावी लागतात, आणि ती नेमली आहेत का हे प्रवेशापूर्वी आवर्जून विचारावे.

आषाढात वीज गेली की खाडीकाठच्या अनेक वाड्यांत मोबाइलची रेंजही जाते आणि फोन लावायला सड्यावर चढावे लागते. अशा घरी पुस्तकच भरवशाचे. रत्नागिरी, चिपळूण किंवा कणकवलीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या, पाळीच्या नोकरीमुळे रविवारही मोकळा नसलेल्या व्यक्तीला मात्र मी ऑनलाइनच सुचवेन. आंबा बागायतदारांनी परीक्षेचे वेळापत्रक आधी पाहावे, कारण एप्रिल-मे महिन्यांत काढणी आणि परीक्षा एकत्र आल्यास दोन्हींची ओढाताण होते.

मन ठरत नसेल, तर २०१७ पासून सुरू असलेल्या ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरील एखादा विषय विनाशुल्क शिकून आपल्याला पडद्यावरचा अभ्यास मानवतो का ते पाहावे. प्रमाणपत्र हवे असल्यासच परीक्षेचे शुल्क भरावे लागते. प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी निवडलेल्या अभ्यासक्रमाला त्याच सत्रासाठी मान्यता आहे, याची खात्री आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः करून घ्यावी.